किती हात लांब?

आमच्या सरावली-बोईसर भागात वीज आधी डोक्यावरून गेली, घरात नंतर शिरली. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे मनोरे उभे राहत होते तेव्हा आमच्या पाड्यात रॉकेलच्या चिमण्याच होत्या. माझे वडील त्या मनोऱ्यांच्या पायाचे खड्डे खणायला रोजंदारीवर गेले. भाताची झोडणी आटोपली की पावसाळ्यापर्यंत हाताला काम नसे, आणि ठेकेदाराची मजुरी रोख मिळे. ज्या मनोऱ्याखालची माती आपण उपसली त्यावरून मुंबईचे दिवे लागतात, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. पुढे मी वीज मंडळात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत लाईन आणि उपकेंद्र यांतच राहिलो. विजेच्या इतिहासात मेगावॅट येतात, उद्घाटनाच्या तारखा येतात. तार आणि जमीन, तार आणि मनोरा, तार आणि माणूस यांच्यामध्ये जी मोकळी हवा सोडलेली असते, तिचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. आमचा सगळा धंदा त्या हवेच्या भरवशावर चालतो. म्हणून हे लिहायला बसलो.

१९६३ मध्ये तारापूरसाठी भारत-अमेरिका करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला केंद्र उभारण्याचं काम मिळालं. जागा निवडण्यामागे सरळ कारणं होती. कोळशाच्या खाणी इथून फार लांब, अणुभट्टीच्या थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी हवं तेवढं, आणि विजेची भूक असलेली मुंबई एका बाजूला तर गुजरात दुसऱ्या बाजूला. होमी भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. केंद्र चालू झालेलं त्यांना पाहता आलं नाही. २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन्ही अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर महाराष्ट्र आणि गुजरातला जाऊ लागली. जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी केंद्राचं लोकार्पण केलं. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या त्या अणुभट्ट्यांची क्षमता पुढे १६० वर आणण्यात आली.

ही वीज २,२०,००० व्होल्टवर बाहेर पडली, आणि या आकड्याने इथल्या आभाळाचं रूप बदललं. हिशेब अवघड नाही. ४२० मेगावॅट वीज ११,००० व्होल्टने पाठवायची तर तारांतून जवळजवळ २२,००० अँपिअर न्यावे लागतील. २,२०,००० व्होल्टवर तेच काम सुमारे १,१०० अँपिअरमध्ये भागतं. तार तापून वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट विसाव्या हिश्शावर आला की नुकसान चारशेव्या हिश्शावर येतं. १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीची जलविद्युत मुंबईत आणली तेव्हाही त्यांनी हेच गणित मांडलं होतं. व्होल्ट चढवले की तांबं-अ‍ॅल्युमिनियम वाचतं. त्याची किंमत मोकळ्या जागेत चुकवावी लागते: उंच मनोरे, लांब हातांचे क्रॉसआर्म, खालच्या शेतात झाड वाढू न देण्याचा नियम. ४०० केव्हीची, म्हणजे ४,००,००० व्होल्टची, तार जमिनीपासून किमान ८.८४ मीटर उंच असावी लागते. ज्यांच्या जमिनीवरून या लाईनी गेल्या त्यांनी ती किंमत मोजली. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटची दोन नवी युनिटं सुरू झाली; त्यांच्यासाठी तर अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच उठली. विजेच्या इतिहासात या गावांची नावं आलीच पाहिजेत.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्या गँगमध्ये एक ज्येष्ठ लाईनमन होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नानांचं शिक्षण चौथीपर्यंत. नवा मुलगा खांबाकडे निघाला की ते हाक मारायचे, "अरे, किती हात लांब?" मुलगा बिचारा सांगायचा, "नाना, अकरा केव्ही आहे." नाना म्हणायचे, "ते मला माहीत आहे. तुझ्या कोपरापासून ती तार किती हात लांब राहणार ते सांग, मग चढ." आयटीआयमध्ये आम्हाला व्होल्ट, अँपिअर, ओहम शिकवले होते. विद्युत क्षेत्र हा शब्द परीक्षेपुरता आला आणि गेला. नाना त्या क्षेत्राबद्दलच विचारत होते, हे मला पुढे पुस्तकं वाचू लागल्यावर उमगलं.

शास्त्रातही ही गोष्ट सुचायला वेळ लागला. १७८५ मध्ये फ्रान्सच्या कूलंबने पीळ घेणाऱ्या बारीक तारेचा तराजू करून दाखवलं की दोन प्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट, बल चौथाई. पण अनेक प्रभार एकत्र आले, त्यांत धातूच्या वस्तू असल्या, की प्रत्येक बलाची दिशा धरून बेरीज करताना माणूस थकून जातो. तेव्हा लाग्रांज, लाप्लास, प्वासाँ या गणितज्ञांनी एक युक्ती वापरली. प्रत्येक जागेला एकच आकडा द्यायचा. आकड्याला दिशा नसते, त्यामुळे साधी बेरीज पुरते. बल हवं तेव्हा तो आकडा एका जागेहून शेजारच्या जागेवर किती बदलतो ते पाहायचं.

या आकड्याला विजेच्या संदर्भात ‘पोटेन्शियल’ हे नाव देऊन त्याचं सगळं शास्त्र मांडणारा माणूस इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळचा गिरणीवाला होता. जॉर्ज ग्रीन. जन्म १७९३ चा, शाळा जेमतेम वर्षभराची. वडिलांची पवनचक्की चालवायची, पीठ दळायचं आणि उरलेल्या वेळात फ्रेंच गणित वाचायचं. १८२८ मध्ये त्याने वर्गणीदार जमवून विद्युत आणि चुंबकत्वावरचा आपला निबंध छापला. पन्नासेक वर्गणीदार मिळाले. त्यातल्या बहुतेकांना त्यातलं काही कळलं नसावं. १८४१ मध्ये ग्रीन वारला, तेव्हाही त्या निबंधाची महती जगाला ठाऊक नव्हती. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन या तरुण विद्यार्थ्याच्या हाती एक प्रत लागली, त्याने ती पॅरिसला नेली, आणि मग युरोपभर खळबळ उडाली. हा थॉमसन म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्व्हिन. ग्रीनबद्दल वाचताना मला नेहमी नाना आठवतात. शाळेने ज्यांना फारसं दिलं नाही अशा माणसांनी हा विषय हाताने पकडला होता.

ग्रीनचं पोटेन्शियल म्हणजेच आमचे व्होल्ट. पालघरचा काळदुर्ग ज्यांनी चढला आहे त्यांना व्होल्ट आणि क्षेत्र यांचं नातं सांगायला मला सोपं जातं. माथ्याची उंची ठरलेली आहे. सोंडेवरून सावकाश चढा नाहीतर कड्याला भिडा, माथा तेवढाच उंच राहणार. पाय घसरला तर काय होईल हे उतार ठरवतो. व्होल्ट म्हणजे त्या जागेची उंची, विद्युत क्षेत्र म्हणजे तिथला उतार. उंचीतला फरक भागिले अंतर की उताराचा आकडा मिळतो, आणि विजेत त्याचं माप व्होल्ट दर मीटर असं असतं. प्रभाराला ओढलं जातं ते या उताराच्या दिशेने. आजूबाजूचं सगळं सारख्याच उंचीवर असेल तर लाखो व्होल्टवरही प्रभार जागचा हलत नाही. कावळा ११ केव्हीच्या तारेवर बसतो आणि सुखरूप उडून जातो, कारण त्याच्या दोन पायांमध्ये फरक जवळजवळ शून्य असतो. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांत येणारी मोठी वटवाघळं त्याच लाईनवर जळून लटकलेली दिसतात. त्यांच्या पंखांचा पसारा मीटरहून मोठा, दोन तारांना एकदम टेकतो आणि सगळी उंची त्यांच्या अंगावरून उतरते.

एका सुट्या प्रभाराभोवती हे फार नेटकं दिसतं. अंतर दहापट झालं की व्होल्ट दहाव्या हिश्शावर येतात आणि क्षेत्र शंभराव्या हिश्शावर. म्हणजे प्रभाराच्या लगत उतार कड्यासारखा आणि थोडं लांब गेलं की सपाटी. लाईनच्या लांब तारेभोवती गणित थोडं निराळं होतं, तरी चित्र असंच राहतं. २२० केव्ही हा आकडा दोन तारांमधला. एक तार आणि जमीन यांच्यात सुमारे १,२७,००० व्होल्ट असतात. ही तार साधारण २८ मिलिमीटर जाडीची. तिच्या अंगालगत क्षेत्र सेंटिमीटरला चौदा हजार व्होल्टच्या आसपास भरतं. खाली शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या आसपास तेच क्षेत्र मीटरला काही हजार, म्हणजे सेंटिमीटरला काही दहा-वीस व्होल्टवर आलेलं असतं. कोरडी हवा सेंटिमीटरला ३०,००० व्होल्टपर्यंत तग धरते, पुढे फाटते. तारेच्या अंगाशी आपण हवेची बरीचशी ताकद आधीच खर्च केलेली असते. म्हणून तारेवर पावसाचा थेंब लोंबला, एखादी बारीक काडी निघाली किंवा क्लॅम्पला टोकेरी कड राहिली, की तिथे उतार आणखी उभा होतो, हवा फुटते आणि लाईन गुणगुणायला लागते. ४०० केव्हीच्या लाईनीवर एका फेजला दोन तारा थोड्या अंतराने शेजारी टांगतात त्याचंही कारण हेच. जोडीमुळे ती एक जाड तार असल्यासारखी वागते आणि अंगालगतचा उतार मंद होतो.

आमच्या किनाऱ्यावर या सगळ्याला मिठाची जोड मिळते, आणि इथे आमचा धंदा घाटमाथ्यावरच्या धंद्याहून वेगळा होतो. २२० केव्हीची तार मनोऱ्याला चिनीमातीच्या चौदा-एक डिस्कच्या माळेने टांगलेली असते. माळेची लांबी दोन मीटर. वरचं टोक मनोऱ्याला, म्हणजे शून्यावर. खालचं टोक तारेला, १,२७,००० वर. कोरड्या हवेतही प्रत्येक डिस्क सारखा वाटा उचलत नाही, तारेजवळच्या डिस्कवर भार जास्त पडतो. तरी माळ निभावून नेते. दिवसा खारा वारा समुद्रावरून येतो आणि डिस्कच्या वरच्या अंगावर, खालच्या झालरींमध्ये, मिठाचा पांढुरका थर बसवतो. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला त्यात धूळ आणि रसायनांचा राप मिसळतो. बोटाने पुसलं तर बोट चिकट होतं. कोरडं मीठ वीज वाहत नाही. हिवाळ्यात रात्री मतलई सुटते, पहाटे दंव पडतं, मीठ ओलं होतं आणि चिनीमातीच्या अंगावरून बारीक करंट वाहू लागतो.

आता जे घडतं ते मी पहाटेच्या पाळीत अंधारात उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे. करंटने ओला थर गरम होतो आणि जिथे डिस्कची मान बारीक तिथे आधी सुकतो. मानेभोवती बोटभर रुंदीचा कोरडा पट्टा तयार होतो. बाकी अंग ओलं, वीज वाहणारं, त्यामुळे तिथे व्होल्टमध्ये फारसा फरक उरत नाही. त्या डिस्कच्या वाट्याचे हजारो व्होल्ट सगळे त्या बोटभर पट्ट्यावर येऊन पडतात. व्होल्ट वाढलेले नसतात, अंतर आखडलेलं असतं. पट्ट्यावरून जांभळट ठिणगी सरकते, तडतडते, विझते, बाजूला पुन्हा पेटते. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उतरते. कधी सूर्य वर येतो, दंव सुकतं आणि सगळं शांत होतं. कधी ठिणग्या एकमेकींना भेटतात, माळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आगीची रेघ उठते, मोठा आवाज होतो आणि ब्रेकर पडतो. बोईसरच्या कारखान्यांतली यंत्रं थांबतात. लोकांना वाटतं मुसळधार पाऊस म्हणजे लाईनला धोका. धुवाधार पाऊस मीठ धुऊन नेतो. तो आमचा मित्र. धुकं, दंव आणि जूनच्या आधीची भुरभुर, यांच्यावर नजर ठेवावी लागते.

उपाय म्हणून माळा धुवायच्या, पुसायच्या, सिलिकॉनचा ग्रीस लावायचा. परमिट घेऊन, अर्थिंग करून, कमरेला पट्टा बांधून, फडक्याने एकेक डिस्कची झालर आतून पुसत जायचं हे काम आमच्या पिढीने हाताने केलं. आता अनेक ठिकाणी पॉलिमरचे लांब इन्सुलेटर आले आहेत. त्यांच्या अंगावर पाणी पसरत नाही, सुटे थेंब राहतात, त्यामुळे करंटला सलग वाट मिळत नाही. किनाऱ्यावरच्या लाईनींच्या माळा आतल्या भागापेक्षा लांब ठेवतात, म्हणजे अंगावरून जायची वाट लांबते. नानांचा हात इथेही मोजला जातो, फक्त चिनीमातीच्या वळणांवरून.

अंतर कमी पडल्याची एक जुनी गोष्ट समुद्राखालची आहे. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळातून आयर्लंड ते न्यूफाउंडलंड पहिली तारायंत्राची केबल टाकली. तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं पातळ आवरण होतं. संदेश नीट पोचत नाहीत म्हणून व्हाइटहाउस या तिथल्या विद्युततज्ज्ञाने सुमारे २,००० व्होल्ट चढवले आणि काही आठवड्यांत केबल मेली. ग्रीनचा निबंध ज्याने शोधला तो थॉमसन त्याच प्रकल्पावर होता आणि कमी व्होल्टवर काम करणारी नाजूक यंत्रं त्याने आधीच बनवली होती. दोन हजार व्होल्ट आज आम्हाला किरकोळ वाटतात. काही मिलिमीटरच्या सदोष आवरणावर ते टाकले तर उतार किती उभा होतो ते या केबलने दाखवलं.

नव्या मुलांना पटायला सर्वांत अवघड जाते ती बंद लाईन. ब्रेकर उघडला, आयसोलेटर उघडले, परमिट हातात आलं. आता तारेत काय असणार? पण शेजारून दुसरी लाईन चालू जाते आहे. तिच्याभोवतीचं क्षेत्र या सुट्या, कुठेही न जोडलेल्या तारेपर्यंत पोचतं आणि तिलाही हजारो व्होल्टवर उचलून ठेवतं. तारेला हात लावणारा माणूस म्हणजे तिला जमिनीकडे उतरायला मिळालेली पहिली वाट. म्हणून आधी डिस्चार्ज रॉड. त्याची वायर प्रथम जमिनीच्या टोकाला घट्ट आवळायची, मग लांब काठीने पितळी आकडा तारेकडे न्यायचा. आकडा टेकायच्या आत, अजून दोन बोटं अंतर असताना, कधीकधी चट् असा आवाज येतो आणि निळी ठिणगी उडी मारते. बंद लाईनवर. ती ठिणगी बघितलेला मुलगा पुढे आयुष्यभर अर्थिंग विसरत नाही. दोन्ही बाजूंना अर्थिंग बसलं की तार, मनोरा आणि तो माणूस एकाच उंचीवर येतात.

बोईसर स्टेशनजवळ मालगाडीच्या टँकरवर चढणाऱ्या पोरांना हे सांगताना माझा जीव तुटतो. रेल्वेची वरची तार २५,००० व्होल्टची. मुलांची समजूत अशी की तारेला हात लागला तरच धोका. डोकं किंवा मोबाइल धरलेला हात जवळ गेला की त्या टोकाशी क्षेत्र एकवटतं आणि हवेतूनच झेप येते. स्पर्शाची गरज पडत नाही.

आणि पावसाळा. आवणीच्या दिवसांत वादळाने तार तुटून पाण्याने भरलेल्या शेतात पडते. कधी संरक्षण यंत्रणा लगेच लाईन पाडते, कधी करंट इतका कमी असतो की फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाईन, चालूच राहतो. समजा दहा अँपिअर जमिनीत उतरत आहेत आणि माती मध्यम वाहकतेची आहे. तार टेकली तिथून एक मीटरवर जमीन सुमारे १६० व्होल्टवर असेल, अडीच मीटरवर ६४. पुढचे पाय एक मीटरवर आणि मागचे अडीच मीटरवर अशा उभ्या बैलाच्या अंगावर सुमारे ९५ व्होल्टचा फरक पडतो, तोही छातीवरून. त्याच जागी माणसाचं एक पाऊल पडलं तर ६५ च्या आसपास. हाच बैल दहा मीटरवर असता तर त्याच्या पायांमधला फरक दोन व्होल्टांवर आला असता. सुट्या प्रभाराभोवतीचा तो नियम इथे चिखलात जसाच्या तसा उतरतो: लांब गेलं की व्होल्ट कमी होतात आणि उतार त्याहून झपाट्याने कमी होतो. म्हणून आधी गुरं मरतात, आणि त्यांना सोडवायला लांब ढांगा टाकत धावलेला मालक त्यांच्यापाठोपाठ. उपकेंद्राच्या आवारात खडी पसरलेली असते ती यासाठीच. कोरडी खडी वीज सहज वाहू देत नाही, त्यामुळे जमिनीत उतार असला तरी पायांतून जाणारा करंट कमी राहतो. शेतात खडी नसते.

गावात कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. तार पडलेली दिसली की जिथे आहात तिथे दोन्ही पाय जुळवून उभे राहा. आल्या दिशेने मागे सरका, टाच अंगठ्याला लावून, पाय न फाकवता. बैल तडफडत असला तरी दावं सोडायला पुढे जाऊ नका. दुसऱ्या माणसाला बांधावर थांबवा, वीज कार्यालयाला फोन करा, खांबाचा नंबर सांगा, आणि फीडर बंद करून तारेला अर्थिंग लावलं असं लाईनमनने स्वतः सांगेपर्यंत त्या खाचरात कुणाला उतरू देऊ नका.